वजीर करायची घाई नको: एंडगेमची कोडी सोडवायला बसताना

तालुक्याच्या एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत माझा शेवटचा डाव. समोर चौथीतला मुलगा, खुर्चीवर मांडी घालून बसलेला, कारण पाय सोडले तर ते जमिनीला टेकत नव्हते. पटावर उरलं होतं इतकंच: माझा पांढरा राजा सी६ वर, माझं प्यादं सी७ वर आणि त्याचा काळा राजा ए७ वर. खेळी माझी. मी प्यादं सी८ वर सरकवलं, त्या जागी ऐटीत वजीर ठेवला आणि घड्याळ दाबलं. मुलाने हात पुढे केला. मला वाटलं, डाव सोडतोय. तो म्हणाला, "काका, स्टेलमेट झालं."

पट मांडून बघा. काळ्या राजाला शह नाही, पण ए८, बी८, बी७, बी६ आणि ए६ या पाचही घरांवर माझ्या वजिराचा नाहीतर राजाचा पहारा आहे. शह नाही आणि हलायला जागाही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. तिथे वजिराऐवजी हत्ती घेतला असता तर काळ्या राजाला ए६ वर जावंच लागलं असतं आणि मग हत्ती ए८ वर गेला की मात. एका खेळीचा प्रश्न होता.

गंमत म्हणजे त्या काळात मी मोबाइलवर रोज तीस-चाळीस कोडी सोडवत होतो. पण ती सगळी डावाच्या मधल्या टप्प्यातली: घोड्याने राजा-वजिराला एकदम धरा, हत्तीचा बळी द्या, मात करा. एंडगेमची, म्हणजे पटावर मोजक्याच सोंगट्या उरल्यावरच्या शेवटच्या टप्प्यातली कोडी वेगळ्या जातीची असतात. तिथे शह शोधत बसलं की हमखास चुकतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

सोंगट्या कशा चालतात आणि घरांची नावं कशी घेतात (ए ते एच उभ्या पट्ट्या, १ ते ८ आडव्या ओळी), एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

काय काय लागेल

- खरा पट आणि सोंगट्या. गुंडाळी होणारा रेक्झिनचा पटही चालेल. मोबाइलचा पडदा हा पटाला पर्याय नाही, कारण पडद्यावर बोट आपोआप पुढे सरकतं.
- एक दोनशे पानी वही आणि पेन.
- लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खातं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. त्यातल्या कोड्यांच्या विभागात विषय निवडता येतो: प्याद्यांचे एंडगेम, हत्तीचे एंडगेम, झुगझ्वांग (हे काय ते पुढे सांगतो), शांत खेळी (शह नाही, मारामारी नाही अशी). सुरुवात प्याद्यांपासूनच करा.
- दिवसाला अर्धा तास. त्यात तीन कोडी झाली तरी पुष्कळ.

१. पट मांडा आणि चार गोष्टी मोठ्याने म्हणा

खेळी कुणाची? मागणी काय आहे, जिंकायचं की बरोबरी साधायची? कुठलं प्यादं कुठल्या दिशेने चाललंय? आणि दोन्ही राजे कुठे आहेत?

पोरखेळ वाटेल, पण माझ्या वहीतल्या पहिल्या महिन्याच्या फुल्या मोजल्या तर बऱ्याचशा इथल्याच आहेत. तुम्हाला काळ्याकडून खेळायचं असेल तर अ‍ॅप पट फिरवून दाखवतं. मग वर चाललेलं प्यादं आपलं की त्याचं, यात गडबड होते. शिवाय बऱ्याच कोड्यांत समोरच्याची एक खेळी आधी खेळून दाखवतात. ती नीट बघा, चूक बहुतेक तिथेच झालेली असते.

२. आधी मोजा, मग विचार करा

एकटं प्यादं पळत सुटलंय आणि समोरचा राजा त्याच्यामागे धावतोय, असं दिसलं की एकेक खेळी डोक्यात खेळत बसू नका. चौकोन काढा.

समजा पांढरं प्यादं एच४ वर आहे. पांढरा राजा पार ए२ वर, म्हणजे मदतीला येणार नाही. काळा राजा सी५ वर. एच४ पासून एच८ पर्यंत जितकी घरं, तितकीच डावीकडे घ्या. एच४, एच८, डी८, डी४ असा चौकोन झाला. आता काळ्याची खेळी असेल तर त्याचा राजा डी५ किंवा डी६ वर येऊन चौकोनात शिरतो आणि प्यादं धरतो. पण खेळी पांढऱ्याची असेल, तर प्यादं एच५ वर जातं, चौकोन आक्रसतो, आता त्याची कड ई पट्टीवर आहे आणि काळा राजा बाहेरच राहतो. प्यादं सुटलं.

इथे फसण्याच्या जागा दोन. प्यादं अजून मूळच्या दुसऱ्या ओळीवर असेल तर ते पहिल्या झेपेत दोन घरं जातं, म्हणून चौकोन तिसऱ्या ओळीपासून काढायचा. आणि राजाच्या वाटेत त्याचंच एखादं प्यादं आडवं उभं असेल तर चौकोन खोटा ठरतो. मग मुकाट्याने एकेक खेळी मोजा.

दोन्हीकडची प्यादी पळत असतील तर फक्त "कोण आधी पोचतो" एवढ्यावर थांबू नका. पोचल्या पोचल्या शह बसतो का? आपला नवा वजीर समोरच्याच्या प्याद्याचं शेवटचं घर रोखतो का? ए८ वर झालेला वजीर तिरक्या रेषेत थेट एच१ वर नजर ठेवून असतो. मधली घरं मोकळी असली, तर एच पट्टीवरच्या काळ्या प्याद्याचा वजीर होऊनही जन्मतःच मेलेला.

३. "आत्ता त्याची खेळी असती तर?" हा प्रश्न विचारा

एवढी एकच पायरी लक्षात राहिली तरी माझं काम झालं. डावाच्या मध्यावर खेळी मिळणं म्हणजे फायदा. एंडगेममध्ये पुष्कळदा उलटं असतं. खेळावं लागतं हीच अडचण. याला झुगझ्वांग म्हणतात. शब्द जर्मन आहे, मराठीत आपण तोच वापरतो.

मांडा: पांढरा राजा सी५, पांढरं प्यादं ई४. काळा राजा जी४, काळं प्यादं ई५. दोन्ही प्यादी एकमेकांना अडवून उभी आहेत. पांढऱ्याची खेळी, जिंकायचं आहे.

हाताला पहिली खेळी सुचते राजा डी५. ई५ च्या प्याद्यावर हल्ला आणि आपल्या ई४ ला राखणही. छान दिसते. पण काळा राजा एफ४ वर येतो. आता पट बघा. पांढरा राजा डी५ वर, काळा एफ४ वर, दोघेही आपलं प्यादं राखतायत आणि समोरच्याच्या प्याद्यावर टपलेत. खेळी पांढऱ्याची. जागचा हलला की ई४ गेलं, आणि त्यामागे डावही गेला. जिंकायच्या स्थितीतून आपण हरलो.

आता उलट प्रश्न विचारा. हेच चित्र, पण खेळी काळ्याची असती तर? तर काळा हरला असता. म्हणजे आपल्याला हेच चित्र हवंय, फक्त काळ्याच्या पाळीला. एक खेळी कुठेतरी घालवायची आहे.

उत्तर: राजा डी६! ई५ वर हल्ला आहेच, पण डी५ ला अजून गेलो नाही. काळा एफ४ वर आला की आपण डी५ वर जायचं. चित्र तेच, पाळी काळ्याची. त्याला हलावं लागतं, ई५ चं प्यादं पडतं आणि डाव आपला.

पण थांबा, काळा चिवट असेल तर डी६ ला उत्तर म्हणून एफ३ वर येईल. तिथूनही ई४ वर हल्ला आहेच. आता "ठरलंय ना" म्हणून तुम्ही डी५ वर गेलात, की तो एफ४ वर येतो आणि परत आपलीच पाळी. एफ३ ला उत्तर एकच: राजाने सरळ ई५ चं प्यादं मारायचं. राजा ई५ वर बसला की ई४ आपोआप राखलं जातं. मी हे कोडं पहिल्यांदा सोडवलं तेव्हा डी६ सापडल्याच्या आनंदात पुढचं बघितलंच नव्हतं. वहीत आजही अर्धी फुली आहे.

४. चार-पाच चित्रं पाठ करा

पाठांतराला नाक मुरडू नका. पाढे पाठ असल्याशिवाय गणित सुटत नाही, तसंच आहे हे. कोडं सोडवणं म्हणजे बहुतेक वेळा समोरच्या गुंत्यातून ओळखीच्या चित्रापर्यंतची वाट काढणं.

राजा आणि प्यादं विरुद्ध राजा. पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८. खेळी कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. थोडक्यात, आपला राजा प्याद्याच्या पुढे आणि सहाव्या ओळीवर असला पाहिजे. प्यादं पुढे आणि राजा मागे रखडतोय, ही नवख्यांची नेहमीची चूक. आणखी एक खूण: राजा आणि प्यादं शेजारी-शेजारी सहाव्या ओळीवर असतील आणि प्यादं सातव्या ओळीवर जाताना शह बसत नसेल तर जिंकलात. शह बसला तर बरोबरी. ए आणि एच या कडेच्या पट्ट्यांना हे नियम लागू नाहीत, तिथे काळा राजा कोपऱ्यात जाऊन बसला की तुम्ही काहीही करा, निघत नाही.

कडेचं प्यादं आणि चुकीचा उंट. एच८ हे काळं घर. तुमचं प्यादं एच पट्टीवर, उंट पांढऱ्या घरांवर चालणारा आणि समोरचा राजा कोपऱ्यात पोचलेला असेल, तर अख्खा उंट जास्त असूनही बरोबरी. बरोबरी मागणाऱ्या कोड्यांत हे चित्र वारंवार येतं. तिथे बचाव करणारा मुद्दाम आपली सोंगटी देऊन टाकतो आणि कोपऱ्याकडे पळतो.

हत्तीचा पूल. याला लुसेनाची स्थिती म्हणतात. लुसेनाचं पुस्तक १४९७ चं, पण त्या पुस्तकात ही स्थिती नाहीच. नाव चुकून चिकटलं ते चिकटलंच. मांडा: पांढरा राजा डी८, प्यादं डी७, हत्ती एफ१. काळा राजा जी७, हत्ती सी२. पांढऱ्याचा राजा प्याद्याच्या वाटेतच उभा आहे. बाहेर पडावं तर काळा हत्ती मागून शह देत राहणार. म्हणून पहिली खेळी हत्ती एफ४! दिसायला बिनकामाची. काळा समजा हत्ती सी१ खेळला. मग राजा ई७, शह ई१ वरून. राजा डी६, शह डी१ वरून. राजा ई६, शह ई१ वरून. राजा डी५, शह डी१ वरून, आणि आता हत्ती डी४. शह अडला, पूल बांधून झाला, प्यादं पार. हा क्रम पटावर हाताने दहा वेळा करा. हाताला लक्षात राहिला पाहिजे.

याच्या उलट बाजूची फिलिडोरची स्थिती, ती बचावाची. आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा असताना हत्ती समोरच्याच्या बाजूने मोजलेल्या सहाव्या ओळीवर धरून ठेवायचा. प्यादं सहाव्या ओळीवर आलं की लगेच हत्तीला पार पहिल्या ओळीवर न्यायचं आणि मागून शह देत राहायचं. पुढे आलेल्या प्याद्याआड राजाला लपायला जागाच राहिलेली नसते.

५. शांत आणि विचित्र खेळ्यांनाही संधी द्या

उत्तर म्हणून तीन खेळ्या कागदावर लिहा. त्यातली एक तरी अशी असू द्या, जी तुम्हाला चुकीची वाटते. प्यादं फुकट देणारी, राजा मागे नेणारी, काहीही.

पांढरी प्यादी ए५, बी५, सी५. काळी ए७, बी७, सी७. पांढरा राजा जी२, काळा जी४. पांढऱ्याची खेळी. तीन विरुद्ध तीन, समोरासमोर, राजे लांब. उत्तर आहे मधलं प्यादं बी६ वर ढकलणं. काळ्याने ए प्याद्याने मारलं तर सी६! बी प्याद्याने तेही मारलं तर ए६, आणि ए पट्टी मोकळी. काळ्याने सी प्याद्याने मारलं तर आरशात बघितल्यासारखं: आधी ए६, मग सी६. दोन प्यादी दिली आणि तिसरं पळालं. खेळी काळ्याची असती तर त्याने स्वतः बी६ खेळून दार लावून घेतलं असतं.

६. समोरच्याच्या खुर्चीत बसा

उत्तर सापडलं असं वाटलं की पट फिरवा. अक्षरशः फिरवा, किंवा उठून पलीकडे जाऊन बसा. आता तुम्हाला हरवायला निघालेल्या त्या शहाण्याला कसं सतवता येईल ते बघा. स्टेलमेट मिळतोय का? सोंगटी देऊन सुटता येतं का? माझ्या त्या चौथीतल्या प्रतिस्पर्ध्याने हेच केलं असणार.

यासाठी सगळ्यात उत्तम कोडं १८९५ मधलं. ग्लासगोच्या एका साप्ताहिकातल्या बुद्धिबळाच्या सदरात ते बरोबरीचं म्हणून छापलं गेलं. तिथे राहणाऱ्या फर्नांडो सावेद्रा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने दाखवलं की पांढरा जिंकतो. या एका खेळीमुळे त्यांचं नाव आजही घेतात.

पांढरा राजा बी६, प्यादं सी६. काळा राजा ए१, हत्ती डी५. पांढऱ्याची खेळी.

प्यादं सी७. काळा हत्ती डी६ वरून शह देतो. आता राजा कुठे? बी७ वर गेला तर हत्ती डी७ वर येऊन प्यादं खिळवतो (ते हललं तर मागच्या राजाला शह, म्हणून हलताच येत नाही) आणि मग खातो. सी५ वर गेला तर हत्ती डी१ वर जातो. वजीर केलात की सी१ वरून शह, राजा हलला की मागचा वजीर गेला. म्हणून राजा बी५. शह डी५ वरून. राजा बी४. शह डी४ वरून. राजा बी३. शह डी३ वरून. आता कुठे राजा सी२, कारण इथून डी१ आणि सी१ ही दोन्ही घरं राजाच्या पहाऱ्यात आली.

संपलं असं वाटतं. इथे काळ्याच्या खुर्चीत बसा. त्याच्याकडे एक खेळी आहे: हत्ती डी४! वजीर केलात तर हत्ती सी४ वरून शह देतो, वजिराने हत्ती मारला की काळ्या राजाला ए२, बी१, बी२ एकही घर उरत नाही. स्टेलमेट. याच कारणाने डाव बरोबरीचा धरला होता.

सावेद्रांची खेळी: सी८ वर वजीर नाही, हत्ती. आता ए८ वरून मातेची धमकी आहे. काळ्याला हत्ती ए४ वर आणावाच लागतो. मग राजा बी३: एकीकडे ए४ च्या हत्तीवर हल्ला, दुसरीकडे सी१ वरून मात. दोन्ही एकदम वाचवता येत नाहीत.

हे कोडं मी तालुक्याच्या स्पर्धेनंतर महिनाभराने बघितलं. माझा डाव आठवून कानशिलं गरम झाली.

७. आधी वहीत लिहा, मग यंत्राला विचारा

पूर्ण उत्तर लिहा. पहिलीच खेळी नव्हे, समोरच्याच्या सगळ्यात चिवट उत्तरासकट शेवटपर्यंत. त्यानंतरच अ‍ॅपवर खेळा. पहिली खेळी बरोबर आली म्हणून हिरवी खूण मिळते, पण पुढचं माहीत नसेल तर ते कोडं सुटलं असं मी धरत नाही.

पडताळणीला लिचेसच्या विश्लेषणाच्या पटावर स्थिती मांडा. दोन्ही राजे धरून सात किंवा कमी सोंगट्या असतील तर तिथे टेबलबेस उघडतो. तो अंदाज सांगत नाही, प्रत्येक खेळीचा अंतिम निकाल सांगतो: जिंकलात, हरलात, बरोबरी. तुमची चुकीची खेळी तिथे खेळून बघा आणि समोरच्याचं कुठलं उत्तर तुम्हाला हाणून पाडतं ते वहीत लिहा. तुमच्या वहीत बरोबर उत्तरांपेक्षा या ओळी जास्त भरल्या पाहिजेत.

एक सवय मोडायलाच हवी: तीस सेकंद विचार, मग "बघू तरी" म्हणून खेळी. अ‍ॅपवर चुकलं तर चार गुण जातात. स्पर्धेत सोंगटीला हात लावला की ती खेळावीच लागते. दमाचंही तसंच आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक बाटुमीत जिंकला, त्यात उपांत्य फेरीतला तान झोंगयीविरुद्धचा एक डाव १०१ खेळ्या चालला. इतक्या लांबच्या डावात शेवटी एंडगेमच खेळावा लागतो, आणि तोही थकलेल्या डोक्याने. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ही कोडी मुद्दाम दिवसभराच्या कामानंतर, कंटाळा आलेला असताना सोडवा.

८. फुली पडलेली कोडी परत मांडा

आठवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक वेळी तारीख घाला आणि सुटलं नाही तर परत फुली. नवीन कोडी त्यानंतर.

सुरुवातीला एक घरचा अभ्यास देतो. रिचर्ड रेटीने १९२१ मध्ये रचलेलं. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याची खेळी, मागणी बरोबरीची. चौकोन काढलात तर दिसेल की पांढरा राजा काळ्या प्याद्याच्या दोन खेळ्या मागे आहे, आणि आपल्या सी६ च्या प्याद्यापासूनही लांब. काळ्या राजाला ते प्यादं खायला दोन पावलं पुरे. इशारा एवढाच देतो की राजाला तिरकं जाता येतं, आणि तिरकी वाट सरळ वाटेपेक्षा लांबची नसते.

यंत्र लावू नका. माझ्या वहीत याच्यासमोर चार तारखा आहेत, पहिल्या तीन फुलीच्या.